पाकीट परत पाठवू नका: छोट्या कारखानदारासाठी नोटीस ते निकाल

वीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी पोस्टमन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. हातात रजिस्टर एडीचं जाड पाकीट, त्यावर पुण्याच्या कोर्टाचा शिक्का. मी लेथवर होतो, हात तेलकट. शेजारच्या शेडमधले आण्णा वयानं मोठे. ते हळूच म्हणाले, "घिऊ नकोस रं. घेतलंस की अडकलास." मी पोस्टमनला म्हटलं, "मला नको." त्यानं 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि पाकीट परत नेलं. आण्णांनी चहा सांगितला.

आठ महिन्यांनी सगळं कळलं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं आमच्यावर ३ लाख ८० हजारांचा दावा लावला होता. पाकिटात त्याचं समन्स होतं. नाकारलेलं समन्स मिळाल्यासारखंच धरतात. आम्ही हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला. मुळात भांडण पंपाच्या ६० हजारांच्या हाउसिंगचं (बाहेरच्या कवचांचं), आणि त्यातली निम्मी तर चांगली होती. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला दोन वर्षं गेली, पुण्याच्या फेऱ्या झाल्या, वर समोरच्याला खर्चही द्यावा लागला.

मी वकील नाही. त्यानंतर मात्र नोटिसा घेतल्या, पाठवल्या, कोर्टाच्या बाकावर बसून डबे खाल्ले, आणि आता ओळखीपाळखीचे लोक पाकीट आलं की आधी माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमानं लिहितो. हे वाचून वकिलाकडे जायचं टाळू नका. वकिलाकडे शहाण्यासारखं जाता यावं म्हणून हे लिहिलंय.

आधी कायदा काय विचारतो ते

आपल्याला वाटतं, कायदा म्हणजे कलमांचं जंगल. धंद्यातल्या जबाबदारीचा कायदा मात्र बऱ्याच अंशी एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो प्रश्न कोर्टात जन्मलेला नाही.

ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव. मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीनं तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली, म्हणजे आल्याचं सोडापेय. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. थोडं पिऊन झाल्यावर उरलेलं ओतलं तर, तिच्या म्हणण्यानुसार, कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली. आता दावा कुणावर लावायचा? पैसे मैत्रिणीनं दिलेले, त्यामुळे दुकानदाराशी तिचा करार नाही. बाटली भरणाऱ्या कारखानदाराशी तर नाहीच नाही. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की करार नसला तरी कारखानदाराची जबाबदारी असू शकते. लॉर्ड ॲटकिन यांनी त्यासाठी शेजाऱ्यावर प्रेम करा ही बायबलातली शिकवण घेतली आणि कायद्याच्या मापात कापून बसवली. आपल्या वागण्यानं कुणाला इजा होईल हे आधीच दिसत असेल तर तो आपला शेजारी, आणि त्याच्यापुरती वाजवी काळजी घेणं हे आपल्यावर बंधन. (ती गोगलगाय खरंच बाटलीत होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही. तिथवर प्रकरण गेलंच नाही.)

आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात. फरक इतकाच, की शेजारधर्म वाटीभर साखरही द्यायला लावतो. कायद्याची मागणी तेवढी मोठी नाही. शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकू नकोस, एवढ्यावर तो थांबतो.

ॲसिडच्या टाक्या किंवा गॅसचे साठे बाळगणाऱ्यांना याच्या पुढचा नियम लागतो. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ऑलियम वायू गळला. भोपाळ होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढच्या वर्षीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जात्याच धोकादायक धंदा चालवणाऱ्याला 'मी सगळी काळजी घेतली होती' ही सबब मिळणार नाही. नफा त्याचा, तर नुकसानही त्याचंच. बाकीच्यांना मात्र काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर बरंच काही वाचतं. खाली लिहिलेली सगळी खटपट त्या दाखवण्यासाठीच आहे.

पहिली पायरी: पाकीट घ्या, तारीख लिहा

पाकीट सही करून घ्या. उघडण्याआधी त्याच्यावर पेनानं लिहा: अमुक तारखेला मिळालं. रिकामं पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो. मग आत काय आहे ते ओळखा, कारण प्रत्येक कागदाचं घड्याळ वेगळं.

नुसती वकिलाची नोटीस असेल तर त्यातले १५ किंवा ३० दिवस बहुतेकदा त्या वकिलानं स्वतः घातलेले असतात. ते उलटले म्हणून आभाळ कोसळत नाही. तरी उत्तर द्यायचंच. गप्प राहिलं की पुढे 'यांना काही म्हणायचंच नव्हतं' असा अर्थ काढायला वाव मिळतो.

चेक परत गेल्याची नोटीस मात्र वेगळी. परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर विषय संपला. नाही भरले तर गुन्हा पूर्ण होतो आणि समोरच्याला तक्रार करायला एक महिना मिळतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या १५ दिवसांत 'बघू, बोलू' करत बसू नका. देणं खरं असेल तर उसने घेऊन भरा.

दिवाणी कोर्टाचं समन्स असेल तर लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, कोर्टानं वाढवून दिले तर ९०. दावा व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखाली जातो. तिथे १२० दिवसांनंतर म्हणणं देण्याचा हक्कच जातो, न्यायाधीशांना दया आली तरी.

जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस असेल तर ३० दिवस, वाढवून आणखी १५. म्हणजे ४५, बस्स. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं हे पक्कं केलं. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हातात पडल्यापासून हे दिवस मोजतात. सर्वांत जास्त माणसं इथेच पडलेली मी पाहिली आहेत, कारण 'ग्राहक मंच म्हणजे किरकोळ' हा गैरसमज.

राहिला पोलीस ठाण्याचा फोन. मालाच्या पैशांच्या भांडणात समोरचा 'चारशेवीस लावतो' म्हणून दम देतो. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम ३१८ झालं, शिवी तेवढी अजून ४२० च आहे. पैसे थकले म्हणून लगेच फसवणूक होत नाही. व्यवहाराच्या सुरुवातीपासून बुडवण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं. ठाण्यात बोलावलं तर जा, कागद घेऊन जा, शक्य तर वकील बरोबर न्या. आणि तिथे बसून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

दुसरी पायरी: दोन दिवसांत कागद एका जागी

पीओ म्हणजे गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर, चलन, बिल, ई-वे बिल, तपासणीचे रिपोर्ट, फौंड्री असेल तर हीट नंबरची (धातूच्या प्रत्येक ओतीच्या क्रमांकाची) वही, डेबिट नोटा (गिऱ्हाइकानं आपल्या नावे टाकलेल्या रकमांच्या), बँकेचा उतारा, व्हॉट्सॲप. सगळं तारखेच्या क्रमानं लावा आणि एका कागदावर गोष्ट लिहून काढा: अमुक तारखेला हे झालं, मग ते झालं. वकिलाचा निम्मा वेळ आणि तुमची बरीच फी इथे वाचते.

व्हॉट्सॲपबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हल्ली अर्धे पीओ तिथेच येतात. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग, एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो मूळ फोन विकू नका, पोराला गेम खेळायला देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकानं निर्णायक मेसेज असलेला हँडसेट एक्स्चेंजमध्ये दिला. नवा फोन फार छान होता.

आणखी एक मोह होतो. मागच्या तारखेचं चलन किंवा तपासणीचा रिपोर्ट आत्ता तयार करण्याचा. करू नका. नीतीचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. व्यवहाराचं कारण असं, की उलटतपासणीत एक कागद खोटा निघाला की तुमचे खरे कागदही त्याच्याबरोबर बुडतात.

तिसरी पायरी: दार लावून घ्या आणि विचारा, चूक आपली आहे का

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वकील विचारतो तेव्हा आपण त्याच्यापुढेही बाजू मांडत बसतो. आधी स्वतःशी खरं बोला. तीन प्रश्न आहेत.

पहिला: आपण नेमकं काय कबूल केलं होतं? १८५४ चा एक इंग्लिश निकाल प्रत्येक इंजिनिअरिंगवाल्याला माहीत हवा. ग्लॉस्टरमधल्या एका गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा बनवण्यासाठी तो मोडका शाफ्ट नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकवाल्यानं उशीर केला, गिरणी तितके दिवस बंद राहिली, मालकानं बुडालेला नफा मागितला. तो मिळाला नाही. शाफ्टवाचून गिरणी अडलीय याची वाहतूकवाल्याला पुरेशी कल्पना दिली होती, असं न्यायालयाला दिसलं नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे, आणि त्याखालच्या उदाहरणांत एक गिरणीचंही आहे. तिथला मालक सांगूनच यंत्र देतो की याच्यावाचून गिरणी बंद आहे. म्हणून त्याला त्या दिवसांचा सरासरी नफा मिळतो. पण त्याच उशिरामुळे त्याचं एक सरकारी कंत्राट बुडालं, त्याचे पैसे मिळत नाहीत.

आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत रोज हेच चालतं. ८०० रुपयांच्या कास्टिंगसाठी 'आमची लाइन बंद पडली, १२ लाख द्या' अशी डेबिट नोट येते. तेव्हा पाहायचं ते हे: काम घेताना लाइन थांबेल असं लिहून कळवलं होतं का? पीओच्या मागच्या बारीक अक्षरांत तसं काही होतं का, आणि आपण त्यावर सही केली का? यापुढे पीओ स्वीकारताना एक ओळ घालत चला, की आमची जबाबदारी सदोष नग बदलून देण्याइतकी किंवा त्याच्या किमतीइतकी. मोठं गिऱ्हाईक ती खोडेल. खोडू दे. निदान काय कबूल केलं ते दोघांना कळलेलं असेल.

दुसरा प्रश्न: किती काळजी घेतली? जॉबवर्कसाठी आलेला माल, गिऱ्हाइकाचे पॅटर्न (ओतकामाचे नमुने), दुरुस्तीला आलेली मोटर हे सगळं परक्याचं, आपल्याकडे ठेवलेलं. करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं, साधारण शहाणा माणूस अशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी या परक्या वस्तूची घ्यायची. मला हे कलम फार आवडतं. देवघरात लावावं असं आहे.

तिसरा प्रश्न त्यालाच चिकटून येतो: हे होईल असं आधी दिसत होतं का? नदीच्या अंगाला एका मित्राची शेड आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शेडमध्ये शिरलं, गिऱ्हाइकाचे लाकडी पॅटर्न भिजून फुगले. गिऱ्हाईक काही बोललं नाही. महामार्गच पाण्याखाली गेला होता, कोण काय बोलणार? जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं आणि पुन्हा पॅटर्न गेले. या वेळी मात्र डेबिट नोट आली. मित्र चिडला, "पूर काय मी आणला?" मी विचारलं, "पॅटर्न कुठं होते?" जमिनीवरच होते, त्याच जागी. स्वतःचा नवा कॉम्प्रेसर मात्र त्यानं आदल्या दिवशी ट्रॉलीत घालून पाहुण्यांकडं हलवला होता. कलम १५१ हे याच्याच शेडवर लिहिलंय असं मला वाटलं. २०१९ ला दैवी आपत्ती म्हणता आलं असतं. २०२१ ला तोच शब्द वापरायला तोंड राहिलं नव्हतं. त्यानं निम्मी रक्कम देऊन मिटवलं आणि आता पॅटर्न माळ्यावर ठेवतो.

पुरामुळे माल वेळेत जाणार नसेल तर त्याच दिवशी मेल करा, रस्त्याच्या फोटोसह. पाणी ओसरल्यावर पाठवलेलं कारण सबबीसारखं वाचलं जातं.

जबाबदारी कुणाच्या अंगावर येते

भागीदारी फर्म असेल तर फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सगळ्यांबरोबर आणि एकटाही जबाबदार. धाकटा भाऊ नाशिकला नोकरी करतो, नाव फक्त कागदावर आहे, असं चालत नाही. त्याचा फ्लॅटही धोक्यात येतो. फर्म नोंदणीकृत नसेल तर गंमत आणखी: लोक तिच्यावर दावा लावू शकतात, तिला मात्र करारातून येणाऱ्या हक्कांसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. नोंदणीचा खर्च किरकोळ आहे, आजच करून घ्या. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये घर साधारणपणे सुरक्षित, पण बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर त्या हमीपुरतं ते सुरक्षित नाही.

दुकानदारांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. समजा लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून घेतलेला गिझर फुटला. मुख्य जबाबदारी बनवणाऱ्याची. पण दुकानदारानं त्यात फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल, जोडणी-तपासणीत हयगय केली असेल, किंवा बनवणारा कोण तेच सापडत नसेल, तर दुकानदारही अडकतो. बिलाशिवाय आणलेल्या स्वस्त मालाचं खरं भय हे आहे. अपघात झाल्यावर बोट दाखवायला पुढे कुणीच नसतं.

समोरचा 'ग्राहक' आहे का, हेही तपासा. धंद्यासाठी माल किंवा यंत्र घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर ठरतो. एकच लेथ घेऊन स्वतः चालवणारा बसतो, दहा कामगार ठेवणारा कारखानदार बहुधा बसत नाही. १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्यावरचा, यंत्रखरेदीतलाच आहे. वकिलाला हा मुद्दा लेखी म्हणण्यात पहिल्याच पानावर घ्यायला सांगा.

विमा असेल तर नोटीस आल्या आल्या विमा कंपनीला लेखी कळवा. तिच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, कारण पॉलिसीत तशी अट असते आणि दावा तिथेच नाकारला जातो.

चौथी पायरी: उत्तर

उत्तर छोटं असावं. राग वकिलाच्या केबिनमध्ये काढा. मी वकिलाला कच्चा मसुदा असा नेऊन देतो:

"आपल्या दि. … च्या नोटिशीस आमच्या हक्कांना बाध न येता उत्तर देत आहोत. पीओ क्र. … प्रमाणे … नग दि. … रोजी चलन क्र. … ने आपल्याला पोहोचले. मालाबद्दल आपली पहिली लेखी तक्रार आम्हाला दि. … रोजी मिळाली. तक्रारीतले नग आमच्या माणसाला पाहू व मोजू द्यावेत, तोवर ते भंगारात काढू नयेत. पैकी … नगांत दोष असल्याचे आमच्या तपासणीत दिसते, ते बदलून देण्यास आम्ही तयार आहोत. उरलेली मागणी आम्हाला मान्य नाही."

'भंगारात काढू नयेत' ही ओळ विसरू नका. आमच्या पुण्याच्या प्रकरणात सगळे सदोष नग 'वितळवले' असं सांगण्यात आलं. आधी मागितले असते तर ते सांगणं त्यांना जड गेलं असतं. जेवढी चूक खरी तेवढी मान्य केल्यानं आपण दुबळे ठरतो असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. बदलून द्यायची लेखी तयारी दाखवलेल्या माणसाकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेनं पाहतात, आणि समोरच्यालाही नुकसान वाढू न देण्याची खटपट करावी लागते. तुम्ही बदलून देत असताना तो हातावर हात ठेवून बसला, तर वाढलेलं नुकसान त्याचं.

पाचवी पायरी: मिटवायचं तर कुठे

३ लाखांवरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती सक्तीची असल्याचं सांगितलं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मध्यस्थीचं बोलावणं आलं तर जा. तिथे बोललेलं गोपनीय राहतं. आणि समोरच्या मालकाला बहुधा पहिल्यांदाच वकिलांशिवाय दोन वाक्यं बोलता येतात. आमचं एक भांडण, खरं सांगतो, 'तुमच्या पर्चेसवाल्यानं माझा फोन कापला' एवढ्यावर उभं होतं.

दावा चालू असताना लोकअदालत आहे. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. अपील नाही ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते, म्हणून आकडा नीट वाचून सही करा. 'जेवढं मिळतंय तेवढं घ्या' असं तिथे सगळेच म्हणतात.

सहावी पायरी: कोर्टात

जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर राहिलंच पाहिजे असं नाही, पण पहिल्या दोन-तीन तारखांना जा. स्वतःचं प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते स्वतःला कळलं पाहिजे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर घातला की पुढची तारीख दिसते. रोज वकिलाला फोन करण्यापेक्षा हे बरं, त्यांनाही. समोरचा मनाई हुकूम आणेल अशी धास्ती असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तेवढ्यात तुम्हाला न कळवता हुकूम निघण्याची शक्यता कमी होते.

बिलाच्या तळाशी आपण छापतो, 'वाद कोल्हापूर न्यायालयाच्या कक्षेत'. त्याचा उपयोग आहे, पण दोन अटींवर. कोल्हापूर कोर्टाला मुळात अधिकार असला पाहिजे, म्हणजे व्यवहाराचा काही भाग इथे घडलेला पाहिजे. आणि ती ओळ दोघांनी मान्य केली असं दिसलं पाहिजे. नुसती बिलावर छापलेली आणि त्यांच्या पीओवर 'पुणे' असलेली, अशा वेळी भांडणाआधी भांडण सुरू होतं. ग्राहक आयोगात तर तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करू शकतो.

उच्च न्यायालयापर्यंत जाणं मात्र सोपं झालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्याआधी एका तारखेसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, दिवसभर मुंबईत फोर्टात बसायचं, आणि 'पुढची तारीख' ऐकून परत. आता दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

ही इमारत आहे त्याच भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांच्या काळी गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान होतं. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. अस्पृश्यता संपवणारा संविधानातला अनुच्छेद १७ त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. त्या रस्त्यानं बेंचकडे जाताना मला हा क्रम आठवतो: आधी कुणीतरी वागून दाखवलं, मग ते कागदावर आलं.

आणि आपलंच येणं असेल तर

उलट बाजू थोडक्यात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. नुसत्या व्यापाऱ्याला हा फायदा मिळत नाही. याच कायद्यातली एक बारीक तरतूद फार कामाची आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. चार महिन्यांनी आलेल्या 'रिजेक्शन'च्या मेलला उत्तर देताना हे लिहा.

चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. एकतिसाव्या दिवशी गेली तर त्या वेळच्या परतीवरचा कलम १३८ चा मार्ग बंद झालाच म्हणून समजा.

साध्या येण्याला मुदत ३ वर्षांची. वर्षाच्या शेवटी खात्याचा उतारा पाठवून समोरच्याची सही-शिक्क्यानिशी बाकी कबूल करून घ्या. मुदतीच्या आत झालेल्या लेखी कबुलीनं ती ३ वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत संपली तर? कोर्टाचं दार बंद होतं, पण देणं मेलं असं कायदाही म्हणत नाही. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन देणाऱ्यानं लिहून, सही करून दिलं तर करार कायद्याचं कलम २५ त्याला पुन्हा जीव देतं. इचलकरंजीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलानं वडील गेल्यावर आमची सहा वर्षांपूर्वीची बाकी अशीच लिहून दिली, आणि फेडलीही. मी मागितली नव्हती. त्याला ती वहीत सापडली होती.

शेवटची पायरी निकालाच्या दिवसाची. जिंकलात तरी, हरलात तरी, त्याच दिवशी नकल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर अपिलाला ४५ दिवस असतात, आणि तुमच्याविरुद्ध रक्कम ठरली असेल तर तिच्यातली निम्मी आधी भरावी लागते. दिवाणी निकालात प्रत मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, पण तो अर्ज केल्यापासून मोजतात. अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी नेली, या तिन्ही तारखा प्रतीच्या मागे लिहिलेल्या असतात.